विहिरीवरच्या हरळीचं तेल

"मुंजाभाऊ, ती बाटली इकडं द्या."

"न्हाई."

"अहो, तेल बघायचंय मला फक्त."

"बघायचं म्हन्ता आन् ठेवून घेता. मला म्हाईत हाय."

औषध घ्यायला नाही म्हणणारे पेशंट मला पुष्कळ भेटले. औषध परत द्यायला नाही म्हणणारे मुंजाभाऊ पहिलेच. माझ्या वडीगोद्रीच्या दवाखान्यात ते स्टुलावर उघड्या अंगाने बसले होते. सदरा मांडीवर, सदऱ्यात गुंडाळलेली बाटली आणि बाटलीवर दोन्ही हात. पाठ लालभडक झाली होती. सगळीकडे बारीक पुरळ, मध्येमध्ये फोड, काही फोडांतून पाणी सुटलेलं. पोटावर, मांड्यांवरही तेच. जालन्याहून एसटीने येताना त्यांना सीटला पाठ टेकवता आली नव्हती. पुढच्या सीटचा दांडा धरून ते अख्खा रस्ता वाकून आले होते. तरी तेलाला दोष द्यायला तयार नव्हते.

"तेलाला बोल लावू नका बाई. असं तेल तुमच्या हातून आजपोतर झालं न्हाई."

तेल मीच केलं होतं. तेच तेल अंगाला लावून त्यांची ही गत झाली होती, आणि ते मला समोर दिसत होतं.

मी आयुर्वेदाची डॉक्टर. लग्नानंतर वडीगोद्रीला आले आणि हायवेला लागून, एका किराणा दुकानाच्या शेजारी दोन खोल्यांत दवाखाना सुरू केला. ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. लोकांना तेव्हा सुई पाहिजे असायची. काढा दिला की चेहरा पडायचा. पण कातडीच्या खाजेवरचं एक तेल माझ्याकडचं चालायचं. त्यासाठी घनसावंगीहून जीप धरून माणसं यायची.

त्याचं ग्रंथातलं नाव दूर्वाद्य तैल. नाव भारी, काम साधं. दूर्वा म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो तीच. शेतकरी मात्र तिला शिव्या देतो, कारण एकदा रानात शिरली की निघत नाही. तिचा रस काढायचा, थोडी हरळी वाटून गोळा करायचा आणि दोन्ही तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर ठेवायचं. रस सगळा आटला पाहिजे. आटला की नाही हे कसं ओळखायचं? तळाचा गाळ बोटांत धरून वळायचा. त्याची वात वळली पाहिजे. ती वात विस्तवावर धरायची. चटचट वाजली तर पाणी शिल्लक आहे. न वाजता जळली तर तेल तयार. गाळून बाटल्या भरायच्या. अंगाची आग आणि खाज यांना हे तेल उतार देतं. उतार देतं, रोग मुळातून काढतंच असं नाही. हा फरक समजावून सांगण्यात माझी निम्मी प्रॅक्टिस गेली.

मुंजाभाऊ पहिल्यांदा आले ते श्रावणात, बायकोबरोबर. बायकोचं नाव गयाबाई. ते पन्नाशीला आलेले, उंच, हाडापेराने मजबूत, खांद्यावर काळं घोंगडं. पण डोळे दिसत नव्हते, इतक्या पापण्या सुजलेल्या. मान जाड आणि काळी पडलेली. कोपराच्या वळीत चिरा. हातांची मागची बाजू खरखरीत. सदरा काढायला लावला तर पाठ आणि पोट एकदम स्वच्छ.

"दिवसभर खाजवून राह्यले," गयाबाई म्हणाल्या. "बैलांचा खरारा घेत्ला व्हता काल त्यांची पाठ घासायच्या नावानं. हात मान घासून राह्यले व्हते त्यानं. म्या हिसकून घेत्ला."

अंतरवालीच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं. विहीर, दोन बैल, कापूस, थोडं मूग-उडीद. कापूस म्हटल्यावर मला फवारणीचा संशय आला. फवारणी दुसऱ्याकडून करून घ्यायला सांगितली. फरक पडला नाही. मग घोंगड्याचा संशय आला, कारण लोकर काहींच्या कातडीला चालत नाही. घोंगडं सोडा म्हटलं तर ते उठून चालायलाच लागले.

"बाई, घोंगडं सोडायचं म्हंजे बापाचं नाव सोडायचं. आमी मेंढरामागची मान्सं."

गयाबाईंनी समजूत घातली. त्यांनी घोंगडं पेटीत ठेवलं. फरक पडला नाही. वांगं, लोणचं, आंबट बंद केलं. साबण बदलला. हरळीचं तेल मात्र लागू पडायचं. चेहऱ्याला, मानेला, हातांना लावलं की खाज बसायची आणि झोप यायची. दोन-चार दिवस तेल बंद झालं की पुन्हा तेच. दिवाळीनंतर त्रास कमी व्हायचा, उन्हाळ्यात जवळजवळ जायचा. पाऊस पडून रान हिरवं झालं की पुन्हा सुरू. दोन पावसाळे असे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांचे जावई मोटारसायकलवरून पडले आणि पाय मोडला. मुलगी सुमन जालन्यात राहायची. तिला मदत म्हणून मुंजाभाऊ ऐन भाद्रपदात जालन्याला गेले. महिनाभराने परत आले तर मी त्यांना ओळखलं नाही. डोळे मोठे, मान मऊ.

"जालन्याला कोणाचं औषध घेतलंत?"

"कशाचं औषध? तुमचं तेल सुदिक हितंच इसरून गेल्तो."

"मग खाल्लं काय वेगळं?"

"तिथं काय, नळाचं पानी आन् चारी बाजूनं भिताडं. रातीला मोटारीचे आवाज. मला तर दोन महिने काढल्यावानी झालं."

ते गावी आले आणि आठवडा संपायच्या आत पापण्या पुन्हा सुजल्या. म्हणजे जे काही होतं ते गावात होतं, जालन्यात नव्हतं. काय ते मला कळत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "दिवाळी झाली की जाऊन राहा सुमनकडे. चांगले दोन-तीन महिने. कातडीला पुरती विश्रांती मिळू द्या. मग बघू."

ते गयाबाईंकडे बघत राहिले. गयाबाई म्हणाल्या, "जा. म्या हाय की. बैलं काय मला मारून राह्यलेत व्हय?"

असे मुंजाभाऊ जालन्याला गेले. रॅश गेला. कातडी कोरडी पडली तेवढीच राहिली. थंडीत सगळं अंग खाजायला लागलं. कोरड्या कातडीला तेल पाहिजेच, त्यामुळे मी अंगभर तेल चोळायला सांगितलं. तेलाची बाटली न्यायला गयाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नवऱ्याचा निरोप होता.

"सुमीचे बाप म्हन्ले, बाईला सांग, आपल्या इहिरीवरच्या हरळीचं तेल करा. पाटाच्या कडंनी लई दाट झाली. म्हन्ले, वास तरी येईल."

"हरळीला कसला वास येतो गयाबाई?"

"मला न्हाई येत. त्यांना येतो म्हन्त्यात."

हरळी इथली काय, तिथली काय, गुण तोच. मी एरवी दवाखान्यामागच्या अंगणातली वापरायची. पण पेशंटच्या मनाला बरं वाटत असेल तर त्यात वाईट काय? आणा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई आल्या. पाला वाटेत सुकेल म्हणून त्यांनी तो घरीच उखळात कुटून, ओल्या फडक्यात बांधून आणला होता. हिरवागार गोळा. मी रस पिळून घेतला, तेल सिद्ध केलं, वात न वाजता जळली. गयाबाई स्वतः बाटली घेऊन जालन्याच्या एसटीत बसल्या.

आणि आता मुंजाभाऊ ती बाटली मांडीवर धरून माझ्यापुढे बसले होते.

"मुंजाभाऊ, खरं सांगा. हे तेल कुठं कुठं लावलं?"

"पाठीला, पोटाला, मांड्यांना. सुमीचा नवरा पाठीला चोळून द्यायचा. भला हाय पोरगा."

"तोंडाला?"

"तोंडाला काय झाल्तं? तोंड तर बराबर हाय."

तोंड खरंच बरोबर होतं. मानही. माझ्या डोक्यात तिथे काहीतरी हललं. तीन वर्षं त्यांचा रॅश उघड्या अंगाला यायचा आणि सदऱ्याखालचं अंग स्वच्छ राहायचं. आज उलट. सदऱ्याखालचं अंग पेटलेलं आणि उघडं अंग स्वच्छ. गावात जे उघड्या अंगाला लागत होतं, तेच या बाटलीतून झाकल्या अंगाला लागलं होतं का?

"थोडं तेल द्या. बाटली तुमच्याकडेच ठेवा."

यावर ते तयार झाले. टोपण त्यांनी स्वतःच उघडलं. माझ्या वाटीत चमचाभर ओतलं आणि लगेच बंद केलं. बंद करण्याआधी एकदा नाकाशी धरलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मी त्यांच्या एका हाताला आतल्या बाजूने अंगणातल्या हरळीचं जुनं तेल लावलं, दुसऱ्या हाताला हे नवं. दोन्हीकडे कापडाची छोटी घडी ठेवून पट्टी बांधली. गावी जायचं नाही म्हणून हायवेपलीकडे एका नातेवाइकाकडे राहायला सांगितलं. पाठीला नुसतं घरचं लोणी लावलं. दोन दिवसांनी पट्ट्या सोडल्या. जुन्या तेलाची जागा कोरी. नव्या तेलाच्या जागी नाण्याएवढा लाल चट्टा आणि त्यावर फोड.

मुंजाभाऊ दोन्ही हात पुढे धरून बघत बसले. मग म्हणाले, "दोन्ही हरळीच हाय ना बाई?"

"तेच बघायला जाते आता."

मी गयाबाईंबरोबर त्यांच्या शेतावर गेले. मुंजाभाऊंना दवाखान्यात बसवून ठेवलं. ते दारापर्यंत आले. "पाटाच्या वरल्या अंगाला एक लिंब हाय. त्याच्याखाली मोट... आता मोट न्हाई, इंजिन हाय. तिथून बगा. समदं रान एका नजरंत दिसतं." मी हरळी बघायला चालले होते आणि ते मला शेत दाखवत होते.

विहीर चांगली बांधलेली होती. पाटाच्या कडेने हरळी खरंच दाट होती, गुडघ्यापर्यंत पोचलेली. मी खाली बसले आणि हाताने ती बाजूला केली. हरळीच्या मधून मधून, पाटाच्या ओलीवर थंडीतही हिरवं राहिलेलं, दुसरं एक रोप डोकं वर काढत होतं. गाजरासारखी कातरलेली पानं. काही रोपांवर बारीक पांढरी फुलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी.

"गयाबाई, हरळी कशी काढली होती तुम्ही?"

"कशी म्हंजे? इळ्यानं. अशी मूठ धरायची आन् सरकन वढायची."

त्यांनी मूठ धरून दाखवली. मुठीत हरळी होती आणि हरळीत गाजरगवत होतं.

मी उभी राहिले. त्या कडुलिंबाखालून खरंच सगळं रान एका नजरेत दिसत होतं. बांध, पडीक तुकडा, शेजाऱ्याचं रान, पलीकडची सडक. आणि आता मला सगळीकडे ती पांढरी फुलं दिसायला लागली, सुकलेली, अर्धवट सुकलेली. रोज ती रस्त्याने जाता-येता बघत होते. सगळेच बघत होते. पाऊस पडला की उगवतात, फुलतात, दिवाळीनंतर सुकायला लागतात, उन्हाळ्यात वाळून जातात. मुंजाभाऊंच्या खाजेचं वेळापत्रक अगदी तेच होतं. या गवताचा फुलोरा आणि चुरा वाऱ्यावर उडतो. सगळ्यांना त्याने काही होत नाही. एखाद्याच्या कातडीला ते वर्षानुवर्षं लागून लागून एक दिवस सोसेनासं होतं. मग पापण्या, मान, कोपरं, जे जे उघडं असेल ते सुजतं. त्याचा अर्क तेलात उतरला आणि ते तेल अंगाला चोळलं, तर काय होईल हे मी दोन दिवसांपूर्वी बघितलं होतं.

गयाबाई विळा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "माझ्यामुळं झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यामुळे सापडलं."

पक्की खात्री करायला मी त्यांना औरंगाबादला रेफर केलं, कातडीच्या मोठ्या डॉक्टरांकडे. बरोबर मीही गेले. त्यांनी पॅच टेस्ट केली. म्हणजे मी पट्टी बांधून केलं तेच, पण पद्धतशीर, वेगवेगळ्या गोष्टी पाठीवर चिकटवून. गाजरगवताचा चौकोन तेवढा पेटला. डॉक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तेलावरून पकडलंत म्हणे?"

"हो सर. चुकून."

"चुकून का होईना. आता ऐका. क्रीम देतो, गोळ्या देतो. दबेल. जाणार नाही. शेत सोडायला सांगा त्यांना."

"किती दिवस सर?"

"गवत किती दिवस आहे?"

मी केसपेपरची घडी घातली.

"मग तितके दिवस," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर मुंजाभाऊ आणि गयाबाई शेजारी शेजारी बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. गवताचं, वाऱ्याचं, कातडीचं. मुंजाभाऊंनी पुरतं ऐकून घेतलं. मग बोलले.

"बाई, माझा बाप मेंढरामागं फिरून फिरून मेला न्हाई, थकला. अर्धी मेंढरं इकून त्यानं ते रान घेत्लं. आमच्या समद्या पावन्यात पयलं रान. मला म्हन्ला, मुंजा, तुह्या पायाला आता बसायला जागा झाली. म्या लहानपनी लई चाललो बाई. पाऊस आला की या गावातून त्या गावात. कुठंच आपलं न्हाई. त्या रानात म्या पयल्यांदा बसलो." बाकावर हात टेकून म्हणाले, "आन् आता रानच म्हनून राह्यलं, ऊठ."

गयाबाई एकदम म्हणाल्या, "उपटून काढू. समदं. गवतच हाय, काय झाड न्हाई."

आणि त्यांनी तसं केलं. पुढच्या पावसाळ्यात तोंडाला पदर आणि हाताला फडकी बांधून गयाबाई आणि चार बाया आपल्या रानातलं गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटत होत्या. त्यांचं रान एकदम चकोट झालं. मला बोलावून दाखवलं. मुंजाभाऊंना निरोप गेला. ते आले. रानाच्या मधोमध उभे राहिले, वाकून माती हातात घेतली, बैलांच्या गळ्याला हात घातला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सडकेकडून वारा सुटला. संध्याकाळपर्यंत पापण्या चढल्या. गवताला शेताची हद्द कळत नव्हती.

गयाबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना बघितलं. मुंजाभाऊ रडले नाहीत. सुजलेल्या डोळ्यांनी त्यांनी पिशवी भरली आणि जालन्याच्या एसटीत बसले.

रान विकायचं का, हा विषय निघालाच. गयाबाई नाही म्हणाल्या. "म्या हाय तवर रान हाय. तुमी जीव सांभाळा." मुंजाभाऊंना जालन्यात बियाण्याच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली. कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या मे महिन्यात ट्रकमध्ये भरल्या जायच्या. ट्रक अंबडकडे चालला असेल तर ते ड्रायव्हरला विचारायचे, "वडीगोद्रीवरून जाऊन राह्यला का?" हो म्हटलं की गेट उघडून ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे. हे मला सुमनने सांगितलं.

उन्हाळ्यात त्यांना गावी यायला हरकत नव्हती. चैत्रात रान नांगरून उघडं पडलेलं असतं, गवत वाळलेलं असतं, तेव्हा ते महिनाभर राहून जायचे. मृगाच्या आधी परत. म्हणजे त्यांना आपलं शेत दिसायचं ते नुसतं काळं. पेरलेलं दिसायचं नाही, उगवलेलं दिसायचं नाही, बोंडं फुटलेली दिसायची नाहीत. गयाबाई महिन्यातून एकदा जालन्याला जाऊन तोंडी सांगायच्या. पाऊस कसा झाला, कापसाची पऱ्हाटी कमरेला आली की छातीला, वखराची पाळी घालताना कोणता बैल मागं राहिला. ते पुन्हा पुन्हा विचारायचे आणि त्या पुन्हा सांगायच्या.

आणि गयाबाईंनासुद्धा त्यांना एकदम भेटता यायचं नाही. लुगड्यात, केसांत, रानातला चुरा असतो. एकदा त्या तशाच शेजारी बसल्या तर दुसऱ्या दिवशी मुंजाभाऊंची मान खाजायला लागली. मीच नियम घालून दिला. जालन्याला पोचल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ, मग सुमनकडे ठेवलेलं वेगळं लुगडं, मग भेट. सुमन म्हणायची, "आई न्हाणीत असती तवा बाबा भाईर वट्ट्यावर बसून ऱ्हात्यात. आतून पान्याचा आवाज बंद झाला की उठून उभे ऱ्हात्यात."

माझे यजमान तेव्हा बदलीच्या नोकरीत होते. शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीने जायचे. मला वाटायचं, माझ्यासारखी वाट कोणी बघत नसेल. गयाबाईंना मी तो नियम घालून दिला त्यानंतर तसं वाटणं कमी झालं.

मग एका श्रावणाच्या शेवटी मुंजाभाऊ अचानक दवाखान्यात हजर. पेशंट बसलेले, ते मध्येच आत आले.

"बाई, इचारायला आलो. पोळ्याला जाऊ का?"

"मुंजाभाऊ, भाद्रपद तोंडावर आलाय. गवत फुललंय."

"म्हाईत हाय."

"मग कसं हो म्हणू मी?"

"नका म्हनू. म्या इचारतोय फकस्त." स्टूल ओढून ते बसले. "बैल म्हतारा झाला वो बाई. ढवळ्या. त्याच्या शिंगाला रंग म्याच लावायचो. गया लावती, पर तिला त्याचं डोकं धरता येत न्हाई, त्यो हालतो. मागल्या साली डोळ्यात रंग गेला त्याच्या."

डॉक्टर म्हणून माझं उत्तर एकच होतं आणि ते मी दिलं. "नाही." ते मान डोलावून उठले. दारापर्यंत गेले. तिथे उभे राहून बाहेर हायवेकडे बघत राहिले. बाहेर पोरं झुली आणि गोंडे घेऊन चालली होती. जालन्याची एसटी आली, थांबली, गेली. ते हलले नाहीत.

मी कपाट उघडलं.

"इकडं या. हे क्रीम आधी लावायचं, त्यावर तेल. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला पातळ फडकं, डोक्याला रुमाल. सकाळी जायचं, बैल सजवायचे, मिरवणूक झाली की तिथं पाणीसुद्धा न पिता निघायचं. सुमीच्या घरी जाऊन आधी आंघोळ."

"बिलकुल तसंच करतो," ते म्हणाले. मला माहीत होतं, ते तसं करणार नाहीत.

केलंही नाही. तोंडाचं फडकं त्यांनी शिवेवरच सोडलं म्हणे. फडकं बांधलेल्या माणसाला ढवळ्या जवळ येऊ देईना. मग त्यांनी बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली, मिरवणुकीत पुढे चालले. पुरणपोळी खाऊन लिंबाखाली बसले. कापूस पात्यावर आला होता, कळ्या धरल्या होत्या. गयाबाई सांगत होत्या, "दोघं बसलो. एक शबुद बोल्ले न्हाई. नुसतं बगून राह्यले."

तिसऱ्या दिवशी जालन्याहून ते माझ्याकडे आले. डोळ्यांच्या जागी दोन चिरा. मान, हात, सगळं चढलेलं. मी खूप रागावले. पेशंटदेखत रागावले.  माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, खाजवायला हात हायेत की. बगायला डोळे व्हते तवा बगून घेत्लं."

बरं व्हायला दिवाळी उजाडली. पुढच्या वर्षी ते विचारायला आले नाहीत. सरळ गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. ढवळ्या मेल्यावर मला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत.

मी अजून तेल करते. त्या प्रसंगानंतर कोणी कुटून आणलेला पाला मी घेत नाही, अख्खा मागते आणि काडी न् काडी स्वतः निवडते. धंद्यातला एवढा धडा मी शिकले आणि शिकाऊ वैद्यांना तोच सांगते. दुसरा सांगत नाही, कारण तो कोणत्या ग्रंथात बसेल मला माहीत नाही. पेशंटला काय टाळायचं ते सांगावं, खणखणीत सांगावं. आणि मग श्रावण लागला की, पोळ्याच्या आधी, तेल थोडं जास्तच करून ठेवावं.